सरावभार व रक्तनिर्देशक, स्त्रियांच्या द्वंद्वक्रीडांतील

ज्यूदो, कुस्ती, तायक्वांदो, कराटे, मुष्टियुद्ध यांसारख्या ज्या खेळांत दोन प्रतिस्पर्धी अंगाशी अंग भिडवून वा आघात करून झुंजतात, त्यांना द्वंद्वक्रीडा म्हणतात. या खेळांच्या नियमित सरावामुळे शरीरावर जो ताण पडतो, त्याचे एकूण मान म्हणजे सरावभार होय. सरावाचा कालावधी, त्याची तीव्रता व आठवड्यातील त्याच्या पाळ्यांची संख्या या तीन गोष्टींवरून तो ठरतो. या भारामुळे रक्तातील काही घटकांचे प्रमाण बदलते. हे घटक मोजून शरीराच्या स्थितीविषयी अनुमान करता येते, म्हणून त्यांना रक्तनिर्देशक म्हणतात. सरावभार काही दिवस किंवा आठवडे कमी केला असता या निर्देशकांत कोणते फरक पडतात, हा क्रीडावैद्यकातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. भार उतरल्यावर जे मान पूर्ववत होते ते बहुधा थकव्याचे द्योतक असते आणि जे पूर्ववत होत नाही ते बहुधा उणिवेचे द्योतक असते, असा भेद त्यामुळे करता येतो. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत हा भेद पुष्कळ उशिरा ध्यानात आला. या विलंबाची कारणे काही अंशी प्रयोगशाळेच्या साधनांच्या इतिहासात, तर काही अंशी स्त्रियांच्या क्रीडाप्रवेशाच्या इतिहासात आढळतात.

प्रारंभीचे संशोधन : श्रमाचा परिणाम रक्तावर होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाच्या नजरेस आली. १८८१ मध्ये फ्लायशर या जर्मन वैद्याने दीर्घ संचलनानंतर लालसर मूत्र होणाऱ्या एका सैनिकाचे वर्णन प्रसिद्ध केले. तळपायांवर वारंवार होणाऱ्या आघातांमुळे तांबड्या रक्तकोशिका फुटतात व त्यांतील हीमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारे लोहयुक्त रंगद्रव्य) मूत्रावाटे बाहेर पडते, असा त्याचा उलगडा पुढे झाला. द्वंद्वक्रीडांच्या दृष्टीने या निरीक्षणाला विशेष महत्त्व आहे. कारण १९६७ मध्ये कराटेच्या सरावात हातांवर होणाऱ्या आघातांमुळेही हाच विकार उद्भवल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात झाली. आघात कोणत्या अवयवावर होतो याला महत्त्व नसून तो वारंवार होतो याला आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९०२ मध्ये अमेरिकन वैद्य लॅराबी यांनी बॉस्टन येथील मॅराथॉन शर्यतीत धावलेल्या स्पर्धकांचे रक्त तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शर्यतीनंतर श्वेत कोशिकांची संख्या इतकी वाढलेली होती की, ते चित्र दाहक रोगात दिसणाऱ्या चित्रासारखे होते. धावणारे लोक मात्र निरोगी होते. निरोगी माणसाचे रक्त श्रमानंतर रोग्याच्या रक्तासारखे दिसू शकते, हा या विषयातील पहिला व आजही विसरता न येण्याजोगा धडा होय. १९०७ मध्ये फ्लेचर व हॉपकिन्झ या इंग्रज शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून आकुंचनाच्या वेळी स्नायूत दुग्धाम्ल साचते व ऑक्सिजन मिळाल्यावर ते नाहीसे होते, असे दाखविले. स्नायूंच्या कार्याविषयी ए. व्ही. हिल व ओटो मायरहोफ यांनी केलेल्या संशोधनाला १९२२ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यानंतरची दोन साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. १९५९ मध्ये एबाशी व त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये स्नायूंच्या अपकर्षाच्या विकारात क्रिएटिन कायनेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) रक्तातील प्रमाण वाढते, असे दाखविले. पुढे हेच एंझाइम व्यायामाने स्नायूंना होणाऱ्या सूक्ष्म इजांचे निदर्शक म्हणून वापरात आले. १९७२ मध्ये रक्तरसातील फेरिटिन या लोहसाठवण करणाऱ्या प्रथिनाचे अत्यल्प प्रमाण मोजण्याची पद्धत सिद्ध झाली. तोपर्यंत शरीरातील लोहाचा साठा अजमाविण्यासाठी अस्थिमज्जेचा नमुना काढावा लागत असे. आता तो थोड्याशा रक्तावरून कळू लागला. निरोगी तरुण स्त्रियांचे लोहविषयक मोठे सर्वेक्षण त्यामुळेच व्यवहार्य ठरले.

सरावभाराची संकल्पना : हान्स सेल्ये (१९०७–८२) यांनी १९३६ मध्ये निरनिराळ्या अपायकारक कारणांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते, असा सिद्धांत मांडला. आधी धोक्याची सूचना, मग प्रतिकार व ताण चालूच राहिल्यास अखेरीस थकवा, असे त्याचे तीन टप्पे होत. क्रीडाप्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली. सोव्हिएट संघात मात्व्हेयेव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात वर्षभराच्या सरावाची कालखंडांत विभागणी करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तीत स्पर्धेपूर्वी भार कमी करण्याला निश्चित स्थान होते. १९७० नंतरच्या दशकात कॅनडातील बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूची कामगिरी म्हणजे त्याच्या सक्षमतेतून थकवा वजा केल्यावर उरणारी बाकी होय, असे गणिती रूप या विचाराला दिले. सरावाने सक्षमता व थकवा दोन्ही वाढतात. परंतु भार कमी केल्यावर थकवा लवकर ओसरतो व सक्षमता सावकाश घटते. या दोहोंमधील अंतरात खेळाडू आपल्या शिखरावर असतो.

भार किती कमी करावा, या प्रश्नाचे उत्तर १९८० नंतर मिळू लागले. अमेरिकेत हिक्सन यांनी केलेल्या प्रयोगांत सरावाच्या पाळ्या किंवा प्रत्येक पाळीचा कालावधी घटवूनही पंधरा आठवड्यांपर्यंत कमाल ऑक्सिजनग्रहणाची क्षमता टिकून राहिली. तीव्रता घटविली असता मात्र ती खालावली. २००७ मध्ये बॉस्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तावीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सुमारे दोन आठवडे सरावाचे एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे आणि तीव्रता व पाळ्या तशाच ठेवाव्यात, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे अभ्यास मुख्यत्वे पोहणे, धावणे व सायकल चालविणे या खेळांतील होते, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

स्त्रियांचा प्रवेश : वरील संशोधन चालू असताना द्वंद्वक्रीडांतील स्त्री प्रयोगशाळेत जवळजवळ नव्हतीच, कारण ती स्पर्धेतही नव्हती. कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकिओ येथे कोदोकान ही ज्यूदोची संस्था स्थापन केली. तेथे स्त्रियांचा स्वतंत्र विभाग १९२६ मध्ये सुरू झाला. परंतु स्त्रियांनी स्पर्धात्मक झुंज घेणे निषिद्ध मानले जाई. कानोंच्या शिष्या फुकुदा केइको (१९१३–२०१३) यांना १९५३ मध्ये पाचवी श्रेणी मिळाली. स्त्रियांना त्यापुढे जाता येत नसल्यामुळे सहावी श्रेणी मिळण्यासाठी त्यांना १९७२ पर्यंत थांबावे लागले. अमेरिकेत रस्टी कानोकोगी (१९३५–२००९) यांनी १९५९ मध्ये पुरुषवेशात एका संघस्पर्धेत भाग घेऊन आपली लढत जिंकली. त्या स्त्री आहेत हे उघड होताच त्यांचे पदक परत घेण्यात आले. स्त्रियांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे भरली, ती मुख्यतः त्यांच्याच प्रयत्नांमुळे. तिच्या खर्चासाठी त्यांनी आपले घर गहाण ठेवले होते.

यानंतर मात्र चित्र झपाट्याने बदलले. स्त्रियांची जागतिक कुस्ती स्पर्धा व जागतिक तायक्वांदो स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ज्यूदोचे प्रात्यक्षिक १९८८ मध्ये सेऊल येथे झाले व १९९२ मध्ये बार्सेलोना येथे त्यास पदकांचा दर्जा मिळाला. तायक्वांदोचा २००० मध्ये सिडनी, स्त्रियांच्या कुस्तीचा २००४ मध्ये अथेन्स व स्त्रियांच्या मुष्टियुद्धाचा २०१२ मध्ये लंडन येथे समावेश झाला. लंडन येथे मेरी कोम यांनी मुष्टियुद्धात व २०१६ मध्ये रीओ दे जानेरो येथे साक्षी मलिक यांनी कुस्तीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. महाराष्ट्रात स्त्रियांची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे प्रथम भरली.

संशोधनातील विषमता यामुळे लगेच नाहीशी झाली नाही. २०११ ते २०१३ या काळात क्रीडावैद्यकाच्या तीन प्रमुख नियतकालिकांत आलेल्या १,३८२ लेखांची पाहणी कॉस्टेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रयोगांत सहभागी झालेल्यांपैकी स्त्रियांचे प्रमाण ३९ टक्केच भरले. आर्तवचक्रामुळे निष्कर्ष गुंतागुंतीचे होतात, या सबबीवर स्त्रियांना पुष्कळदा वगळले जाई. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास व्हावयास हवा होता, तीच अभ्यास न करण्याचे कारण ठरली.

भार कमी केल्यावर होणारे बदल : (१) स्नायूंतील एंझाइमे : फेकी, पकडी व चटईवरील पडणे यांमुळे स्नायूंना सूक्ष्म इजा होतात आणि क्रिएटिन कायनेज रक्तात उतरते. कठोर सरावानंतर एक ते चार दिवसांत त्याचे प्रमाण शिखर गाठते. भार कमी केल्यावर काही दिवसांतच ते खाली येते. त्यामुळे थकवा उतरल्याचे हे सर्वांत चटकन दिसणारे चिन्ह होय. स्त्रियांत विश्रांतीच्या अवस्थेतील त्याचे मान पुरुषांपेक्षा कमी असते. पुरुषांवरून ठरविलेली मर्यादा लावल्यास स्त्री-खेळाडूच्या स्नायूंवरील अतिताण नजरेतून सुटण्याची शक्यता असते.

(२) हीमोग्लोबिन व रक्तद्रव : नियमित व्यायामाने रक्तद्रवाचे (रक्तातील द्रव भागाचे) घनफळ वाढते. तांबड्या कोशिका तेवढ्याच राहिल्या, तरी रक्त पातळ झाल्यामुळे हीमोग्लोबिनचे प्रमाण कमी दिसते. यास क्रीडाजन्य आभासी पांडुरोग म्हणतात. भार कमी केल्यावर रक्तद्रव आकुंचन पावू लागतो व प्रमाण वर जाते. सराव पूर्णपणे थांबविला असता दोन ते चार आठवड्यांत एकूण रक्ताचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी घटते, असे कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८६ मध्ये आढळले. तो प्रयोगही पुरुषांवरच झालेला होता. याशिवाय आघात कमी झाल्यामुळे तांबड्या कोशिका फुटण्याचे प्रमाण घटते आणि मुक्त हीमोग्लोबिनला बांधून ठेवणाऱ्या हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाची रक्तातील पातळी सुधारते. फ्लायशर यांच्या सैनिकाची कथा येथे उलट दिशेने वाचावयास मिळते.

(३) लोह : लोहाची स्थिती याहून निराळी आहे. आर्तवामुळे स्त्रीच्या शरीरातून लोह नियमितपणे जाते. घाम व कोशिकांचा नाश यांमुळे खेळाडूच्या बाबतीत त्यात भर पडते. २००० च्या सुमारास शोध लागलेल्या हेप्सिडीन या हॉर्मोनाने या चित्रात आणखी एक दुवा जोडला. तीव्र व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडीन वाढते व आतड्यातून होणारे लोहाचे शोषण काही काळ मंदावते. भार कमी केल्यावर हा अडथळा कमी होतो. परंतु रिकामा झालेला साठा केवळ विश्रांतीने दोन आठवड्यांत भरून येत नाही. त्यासाठी आहारातून वा औषधातून लोह मिळावे लागते व त्याला काही महिने लागतात. म्हणून भार उतरवूनही फेरिटिन अल्पच राहिले, तर ते थकव्याचे नव्हे, तर उणिवेचे लक्षण समजावे लागते. भारतात या भेदाचे महत्त्व विशेष आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना पांडुरोग असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या दर १०० मिलि. रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हीमोग्लोबिन असल्यास पांडुरोग समजतात. तालमीत येणाऱ्या मुलीचे हीमोग्लोबिन याहून कमी भरले असता ‘व्यायामाने रक्त पातळ झाले’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते.

(४) श्वेत कोशिका : लॅराबी यांनी पाहिलेली वाढ ही तात्पुरती असते व बहुधा एका दिवसात ओसरते. दीर्घकाळ चालणाऱ्या कठोर सरावशिबिरांत मात्र श्वेत कोशिकांची संख्याच नव्हे, तर त्यांचे कार्यही बदलते. जपानमधील हिरोसाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ज्यूदोपटूंच्या रक्तातील न्यूट्रोफिल या श्वेत कोशिकांची जंतुभक्षणाची व ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण करण्याची क्षमता मोजून या विषयाचा दीर्घकाळ मागोवा घेतला आहे. भार कमी केल्यावर श्वेत कोशिकांच्या मानांत पडणारा फरक बहुधा लहान असतो. त्यामुळे केवळ त्यांच्या संख्येवरून खेळाडू सज्ज आहे की नाही, हे ठरविता येत नाही.

(५) हॉर्मोने : फिनलंडमध्ये ॲड्लरक्रॉइट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मुक्त टेस्टोस्टेरोन व कॉर्टिसॉल यांच्या गुणोत्तरात ३० टक्क्यांहून अधिक घट झाल्यास तो अतिताणाचा इशारा समजावा, असे सुचविले. स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरोन फार अल्प असते, म्हणून हे गुणोत्तर त्यांना सरसकट लागू करणे युक्त नाही. स्त्रियांच्या बाबतीत अधिक बोलके चिन्ह आर्तवचक्र हेच होय. अपुरा आहार, अनार्तव व अस्थींचा ठिसूळपणा या तीन गोष्टींचा संबंध अमेरिकेत १९९२ मध्ये भरलेल्या परिषदेत एकत्र मांडला गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये त्याला ऊर्जान्यूनतेच्या व्यापक विकाराचे रूप दिले. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांवरून या विकाराचे मूळ स्पष्ट झाले. व्यायामाच्या ताणाने आर्तवचक्र बिघडत नाही. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा आहारातून भरून न निघाल्याने ते बिघडते, असे त्यांना आढळले. चरबीविरहित शरीरभाराच्या दर किग्रॅ.मागे रोज ३० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा उरली असता ल्यूटिनीकारक हॉर्मोनाच्या स्पंदनांत पाच दिवसांतच बिघाड दिसून आला.

वजनगट व निर्जलीभवन : द्वंद्वक्रीडांतील लढती वजनगटानुसार होतात. त्यामुळे स्पर्धेपूर्वी ज्या काळात सरावभार उतरवावयाचा, त्याच काळात खेळाडू वजनही उतरवीत असते. इतर खेळांतील संशोधन येथे जसेच्या तसे लागू न होण्याचे हेच मुख्य कारण होय. सराव कमी झाल्याने जी ऊर्जा शिल्लक राहावयाची, ती आहार तोडल्याने उरत नाही. पाणी तोडल्याने रक्तद्रव घटतो व हीमोग्लोबिन वाढल्यासारखे दिसते. कागदावर रक्त सुधारलेले दिसते. प्रत्यक्षात ते केवळ घट्ट झालेले असते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरविण्याच्या प्रयत्नांत मरण पावले व त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किग्रॅ. गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅ. अधिक वजनामुळे अपात्र ठरल्या, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता भारतातील सर्वसामान्य जनतेलाही जाणवली.

मूल्यमापन : एका वेळी घेतलेल्या रक्ताच्या एका नमुन्यावरून फारसे काही सांगता येत नाही. भार चढता असताना एक व तो उतरविल्यावर एक, असे निदान दोन नमुने, आर्तवचक्राचा दिवस व शरीरातील पाण्याची स्थिती यांच्या नोंदीसह घेतले, तरच त्यांना अर्थ येतो. तुलना इतरांच्या सरासरीशी न करता त्याच खेळाडूच्या पूर्वीच्या मानांशी करावी लागते. एंझाइमे खाली आली, हॅप्टोग्लोबिन सुधारले, तर तो विश्रांतीचा परिणाम होय. फेरिटिन अल्पच राहिले, आर्तव थांबलेलेच राहिले, तर विश्रांती पुरेशी नसून पोषणाची गरज आहे. पहिल्या खेळाडूला चटईवर उतरविता येते, दुसरीला आधी वैद्याकडे पाठवावे लागते. स्पर्धेच्या दिवशी दोघीही बाहेरून सारख्याच ताज्यातवान्या दिसू शकतात. अखाड्यात शतकभर विलंबाने प्रवेश मिळालेल्या स्त्रीला स्वतःच्या रक्तावरून ठरविलेली मानके मिळण्यासही विलंब झाला. ती आता तयार होऊ लागली आहेत. ती गावोगावच्या तालमींपर्यंत व त्या चालविणाऱ्या वस्तादांपर्यंत पोहोचविणे, हे या शास्त्रशाखेपुढील पुढचे कार्य होय.